वाफसा येऊ दे, भावा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी 23 वर्षांचा, वजन 61 किलो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कंत्राटी कामगार आहे. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. लेखीचं टेन्शन नाही, मैदानाचं आहे. 1600 मीटरला 5 मिनिटं 48 सेकंदांवर अडकलोय, आणि 5:10 आल्याशिवाय पैकीच्या पैकी गुण नाहीत. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. नाइट सुटली की सकाळी सातला तसाच पळायला जातो, मग रूमवर दहा ते दोन झोप, तीनला अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. आठवड्यातून अकरा वर्कआउट होतात, सुट्टी एकही नाही. तरी टायमिंग हलत नाही, उलट डावी नडगी दुखायला लागलीय. जिममधले सर म्हणतात पावडर चालू कर, 3,500 चा डबा. रूममेट म्हणतो, भरतीच्या दिवशी घ्यायचं एक इंजेक्शन मिळतं, दमच लागत नाही. व्यसन तसं काही नाही, नाइटला जाग राहावी म्हणून मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू, तीन-चार पुड्या. महिन्यातून एखाददोन वेळा बिअर. एकदाच 5:32 आलं होतं, तेही नशिबानं, कारण त्याआधी दिवाळीला दहा दिवस गावी होतो, प्रॅक्टिस काहीच नव्हती. धावपटू अविनाश साबळेनं गवंडीकाम करून नाव काढलं, मग मलाच का जमत नाही? दुपारी अजून एक वर्कआउट टाकू का?
– एक भरतीवाला

भावा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना दुपारच्या वर्कआउटचं उत्तर मनात तयार होतं: नको. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या 5:32 पाशी थांबले आणि हसू आलं. अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ‘नशिबानं’ म्हणून एका ओळीत उरकून टाकलीस.

नशीब 16 सेकंदांचं नसतं रे. मित्राच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच असलं तर चूक एखाददोन सेकंदांची होईल. 16 सेकंद म्हणजे 400 च्या दर फेरीला 4 सेकंद. 87 ची तुझी फेरी त्या दिवशी 83 ला आली आणि पुढच्या तीनही तशाच आल्या. हे पायांनी केलंय. प्रश्न एवढाच की त्या दहा दिवसांत पायांना असं काय मिळालं, जे शिरोलीत मिळत नाही.

मी काही तुझ्या घरी फराळाला आले नव्हते, पण अंदाज बांधू शकते. नाइट नव्हती. भट्टीची धग नव्हती. रात्री दहा-साडेदहाला अंथरुणाला पाठ लागत होती. आईच्या हातची भाकरी, आमटी, कालवण, घरचं दूध, दोन वेळा पोटभर. आणि मावा? वडिलांसमोर पुडी फोडायची तुझी हिंमत नसणार. बांधाकडं जाऊन दिवसाला एखादी खाल्ली असशील, फार तर. म्हणजे प्रॅक्टिस सोडून बाकी सगळं त्या दहा दिवसांत नीट झालं, आणि तू आयुष्यातलं सगळ्यात चांगलं 1600 मारलंस.

तू शेतकऱ्याच्या घरातला असशील तर हे चटकन कळेल. उसाला पाणी लागतंच. पण वाफसा येऊ न देता, म्हणजे पाणी निचरून मातीत हवा खेळू न देता, पाटाचं पाणी सोडतच राहिलं तर मुळं गुदमरतात, पीक पिवळं पडतं. पुढं जमीनच क्षारपड होते. शिरोळकडं जाऊन बघ, अशी किती रानं पडून आहेत. वर्कआउट हे पाणी आहे. पळताना स्नायूंचे बारीक धागे तुटतात, साखरेचा साठा संपतो, हाडांवर ताण येतो. पळून झाल्यावर शरीर ते दुरुस्त करतं आणि पहिल्यापेक्षा थोडं जास्त बळकट करून ठेवतं. या दुरुस्तीचा मोठा भाग गाढ झोपेत होतो, कारण वाढीचं संप्रेरक तेव्हाच सगळ्यात जास्त पाझरतं. तू आठवड्यातून अकरा वेळा पाणी सोडतोस आणि झोपतोस चार तास. वाफसा यायचा कधी?

म्हणून आधी झोपेचं बघू. बाकीचं त्यानंतर.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंवर 2011 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. 11 मुलं होती, सगळी तुझ्याच वयाच्या आसपासची. पाच ते सात आठवडे त्यांना रोज 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं. मैदानातली त्यांची ठरलेली एक धाव आधी 16.2 सेकंदांत व्हायची, ती 15.5 वर आली, आणि बास्केटमधले नेमही जास्त बसायला लागले. अभ्यास लहान आहे, त्यावरून ब्रह्मवाक्य काढू नये. पण तुझी दिवाळी वेगळं काही सांगत नाही.

10 तास तुला कुठून मिळणार, हे मला कळतं. कंत्राटी नोकरी सोड असं सांगणारी माणसं सल्ला फार छान देतात, घरभाडं देत नाहीत. तेव्हा आहे त्या शिफ्टमध्ये काय बसतं ते बघू.

नाइट सुटल्यावर पळायचं बंद. आजपासून. रात्रभर उभं राहून काम केलेल्या शरीराला तू सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर पळवतोस. ते ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, उठा. पळण्यानं अंग तापतं ते वेगळंच. मग दहाला आडवा झालास तरी झोप वरवरचीच लागते. त्याऐवजी सातला सुटलास की डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल, सरळ रूमवर. (मित्र हिरो म्हणून चिडवतील. चिडवू देत.) दूध-केळं नाहीतर चटणी-भाकरी असं थोडं खा आणि आठला आडवा हो. तुमच्या रूमवर चौघांच्या चार शिफ्ट असणार, कुणीतरी कायम दिवा लावून रील बघत असणार. खिडकीला जाड गोधडी बांध, कानात कापसाचे बोळे घाल, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पिशवीत ठेव. आठ ते दीड झोप. दोन-अडीचला अभ्यासिका, साडेपाचला ग्राउंड, जेवण, आणि साडेआठ ते पावणेदहा पुन्हा झोप. मग अकराची शिफ्ट. एकूण पावणेसात तास होतात. एका दमात मिळाले तर उत्तमच, पण चार तासांपुढं हे राजेशाही आहे.

चहाचंही बघ. नाइटला कँटीनमध्ये किती कप होतात ते तू लिहिलं नाहीस, पण फौंड्रीतली नाइट मी ऐकून आहे. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे सहाचा कप म्हणजे सकाळच्या झोपेवर मारलेलं पाणी. शेवटचा चहा पहाटे तीनला.

शिफ्ट फिरवायची असेल तर ती फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट अशी पुढं सरकत गेलेली शरीराला सोसते. उलटी फिरली की जास्त त्रास होतो. सुपरवायझरला विचारून बघ, बऱ्याचदा कुणी विचारलेलंच नसतं. आणि मैदानाची तारीख लागली की त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत नाइट कोणाबरोबर तरी बदलून घे, त्यासाठी आत्तापासून लोकांच्या नाइट करून उपकार जमवून ठेव. भरतीचं मैदान पहाटेच सुरू होतं, संध्याकाळी पळायची सवय झालेल्या शरीराला तेव्हा परत सकाळवर आणावं लागेल.

आता मावा. ‘व्यसन तसं काही नाही’ हे वाक्य मी गेल्या पंधरा वर्षांत इतक्या पोरांकडून ऐकलंय की आता त्यावर काही बोलतच नाही, फक्त पुड्या मोजायला सांगते. तीन-चार म्हणालास म्हणजे मी पाच धरते. तंबाखूतलं निकोटिन तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातं, ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. तरतरी येते ती यानंच. पण ती भूकही मारते, म्हणून नाइटला तुझं धड जेवण होत नाही, आणि सकाळी झोपही पातळ करते. म्हणजे जागं राहायला खाल्लेला मावा सकाळी झोपू देत नाही, झोप झाली नाही म्हणून रात्री पुन्हा मावा लागतो. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सुटतो.

आणि एक साधी तपासणी आज आरशासमोर कर. तोंड पूर्ण उघड आणि हाताची मधली तीन बोटं उभी आत घालून बघ. गेली नाहीत, किंवा तिखट खाल्ल्यावर आतून आग होत असेल, तर सुपारीनं तोंडाची आतली त्वचा ताठर व्हायला लागली असू शकते. मग दातांच्या डॉक्टरकडं जायला उशीर करू नकोस, कारण पुढं कर्करोगाचीही भीती असते. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक फुकट आहे. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल. ते दिवस फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात काढ, नाइटमध्ये सुरुवात करू नकोस. तोंडाला काहीतरी लागतंच, तर बडीशेप ठेव, फुटाणे ठेव.

बिअरवर मी तुझं डोकं खात नाही. फक्त जोराच्या वर्कआउटच्या रात्री नको, आणि झोप यावी म्हणून तर नकोच. दारूनं डोळा लागतो पण झोप तुटक होते.

खाण्याबद्दल सांगण्याआधी माझं एक सांगते. मी विद्यापीठाकडून 800 मीटर पळायचे. एका वर्षी अचानक शेवटच्या 200 मीटरला पाय शिशाचे व्हायला लागले. आमचे सर म्हणाले, आळस आलाय, फेऱ्या वाढव. वाढवल्या. टायमिंग आणखी पडलं. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा आईनं धरून दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 8.4. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि न पळता घरी बसले. त्या सरांवर माझा राग नाही, त्यांच्या काळात रक्त तपासून कुणी पळवत नव्हतं. पण तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करायला लावते. रक्त कमी असणं हा बायकांचा आजार असं तुम्हा मुलांना वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या पुरुषांमध्येही 25 टक्के जणांत रक्तक्षय निघाला. चारात एक. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारी गाडीच अर्धी भरलेली असेल तर 1600 ला दम कुठून येणार? सरकारी दवाखान्यात तपासून घे. कमी निघालं तर गोळ्या डॉक्टरच्या सांगण्यानंच, मनानं नको. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासभर जाऊ दे. उसळीवर लिंबू पिळ, त्यानं उलट मदत होते.

पावडरचा डबा दुकानात राहू दे. तुझ्या वजनाला आणि तुझ्या पळण्याला रोज साधारण 75 ते 95 ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसच्या डब्यातून, डाळ पाण्यासारखी असली तरी, 35-40 मिळत असतील. वरचं असं भर: चार अंडी म्हणजे 24, अर्धा लिटर दूध म्हणजे 16, मूठभर फुटाणे 10. झालं. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या वड्या आण. सुक्या 50 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि कांदा-लसूण मसाला घातला की मटणाच्या रश्श्यासारख्या लागतात, निदान मी तरी स्वतःला तसं समजावते. भात-भाकरी मात्र कमी करू नकोस. हल्ली जिममध्ये कुणीतरी सांगतं आणि पोरं भाकरी सोडून पळायला येतात; 1600 मीटर पळायला जळण भाकरीतूनच येतं.

पाणी. भट्टीसमोर किती घाम जातो हे मोजायची सोय तुझ्याजवळच आहे, फौंड्रीत वजनकाट्याला काय तोटा. शिफ्टच्या आधी आणि नंतर वजन कर. एक किलो कमी भरलं म्हणजे एक लिटरच्या आसपास पाणी कमी पडलं. तुझ्या वजनाला सव्वा किलोची घट झाली की पळण्यावर परिणाम व्हायला लागतो. नुसतं पाणी ढोसू नकोस, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-साखर-मीठ घे.

ते इंजेक्शन. इथं मी हसत नाही. गेल्या काही भरत्यांत मैदानावर उत्तेजक औषधं आणि सुया सापडल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. मेफेंटरमाइन नावाचं जे औषध जिमच्या पोरांत फिरतं, ते ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडलेल्या पेशंटसाठी आहे, तेही डॉक्टर शेजारी उभा असताना. ते दम वाढवत नाही, दम लागल्याची घंटा बंद करतं. उन्हात, उपाशीपोटी, रात्रभर जागून आलेल्या मुलाचं हृदय त्यावर किती ताणेल हे कोणीच सांगू शकत नाही. पकडलास तर भरती गेली, ही त्यातली बरी बाजू. रूममेटला माझं हे वाचून दाखव.

दुखण्याच्या गोळ्या खाऊन पळणंही त्याच जातीचं. नडगीवर बोटानं दाबत खाली जा. सगळ्या हाडाच्या कडेनं पसरट दुखत असेल तर दोन-तीन आठवडे पळणं कमी कर, डांबरी रस्ता सोडून मातीवर ये, बूट बघ. टाचेकडून झिजले असतील तर 3,500 तिथं घाल. पण एका रुपयाएवढ्या जागेवरच नेमकी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं पूर्ण बंद आणि हाडांचे डॉक्टर. एक्स-रे साफ आला तरी गाफील राहू नकोस, सुरुवातीला चीर त्यात दिसत नाही. अमेरिकेतल्या 112 शाळकरी खेळाडूंच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता 1.7 पट निघाली होती. मी परत झोपेवर आले, माहीत आहे.

वर्कआउटचं थोडक्यात. अकराचे पाच कर. एक दिवस 400 च्या सहा फेऱ्या, मधे दोन-अडीच मिनिटं चालत. आत्ता 82-83 नं सुरू कर आणि महिन्या-दोन महिन्यांत 78 कडं आण, कारण 5:10 म्हणजे फेरीला साडेसत्याहत्तर. एक दिवस 100 मीटरचे स्प्रिंट आणि गोळा. बाकी तीन दिवस सावकाश, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. ही सावकाश धाव तुला लाजिरवाणी वाटेल, सगळ्या भरतीवाल्यांना वाटते. पण दमाचा पाया तीच घालते. नाइटच्या आठवड्यात 400 च्या फेऱ्या नाहीत, फक्त तीन सावकाश दिवस. नडगी बरी होईपर्यंत तर काहीच जोरात नाही.

राहिला साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा, विटा-वाळू उचलली हे खरं. पण त्याचं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं 3000 मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य, 8 मिनिटं 11.20 सेकंदांचं, गवंडीकाम करता करता आलेलं नाही. मधे महार रेजिमेंट आहे, सियाचीन आहे, आणि त्यानंतर सैन्याचं क्रीडा शिबिर आहे, जिथं पळणं हीच ड्यूटी असते. मेसमध्ये वेळेवर जेवण, दुखलं की डॉक्टर, दुपारी झोप. पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्याच्या विटा येतात, दुपारची झोप कधी येत नाही. तू त्याच्यापेक्षा कमी कष्ट करतोस म्हणून मागं आहेस असं अजिबात नाही. तुला वर्दी मिळण्याआधीच ती सगळी सोय स्वतःच स्वतःची करावी लागतेय, आणि ती फाटक्या वेळात बसवावी लागतेय. हे अवघड आहे, मी सोपं आहे म्हणत नाही.

एक वही घे. रोज तीनच गोष्टी लिही: किती तास झोपलास, किती पुड्या खाल्ल्यास, आणि उठल्या उठल्या अंथरुणातच मनगटावर मोजलेले मिनिटाचे ठोके. ठोके नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त आले, त्या दिवशी ग्राउंडवर फक्त चालायचं. नडगी गप्प झाली की तीन आठवडे असं कर, मग रविवारी एकदा 1600 लाव, आणि त्याचा आकडा वहीच्या फोटोसकट मला पाठव.

आणि आज घरी फोन झाला की आईला विचार, दिवाळीत तू सकाळी किती वाजेपर्यंत झोपत होतास. तिला नक्की आठवत असेल.

– तुझी ताई